क्लॉनमॅकनॉइस: शॅनन नदीकाठचे मठस्थान आणि ते पाहण्याची रीत

आयर्लंडच्या मध्यभागी, ऑफली परगण्यात, शॅनन नदीच्या काठी असलेले क्लॉनमॅकनॉइस हे त्या देशातील आरंभीच्या ख्रिस्ती मठांपैकी सर्वांत महत्त्वाच्या स्थानांमध्ये गणले जाते. संत किअरान यांनी सहाव्या शतकाच्या मध्यास, सुमारे 544 मध्ये, येथे मठ स्थापन केला आणि त्यानंतर थोड्याच काळात ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले. तरीही मठ वाढला, कारण जागेची निवड अचूक होती. पूर्व-पश्चिम जाणारा जुना मार्ग दलदल टाळून वाळू-खडीच्या उंचवट्यावरून येत असे आणि याच ठिकाणी उत्तर-दक्षिण वाहणाऱ्या शॅननला मिळत असे.

येथे आलेल्या माणसाने थेट अवशेषांकडे न धावता आधी प्रवेशद्वाराजवळचे संग्रहालय नीट पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उंच दगडी क्रूसांचे मूळ नमुने आता तेथे छताखाली ठेवलेले असून बाहेर त्यांच्या जागी प्रतिकृती उभ्या आहेत. काही जणांना ही व्यवस्था खटकते; मला मात्र ती योग्यच वाटते, कारण वालुकाश्मावरील नाजूक कोरीवकाम आयर्लंडच्या पावसावाऱ्यात आणखी झिजू देणे हा त्या शिल्पींवर अन्याय ठरला असता. सुमारे चार मीटर उंचीचा, दहाव्या शतकाच्या आरंभीचा ‘शास्त्रवचनांचा क्रूस’ तेथे चारही बाजूंनी फिरून, सावकाश आणि योग्य प्रकाशात पाहता येतो. त्यावरील झिजलेल्या लेखात राजा फ्लान आणि मठाधिपती कोलमन यांच्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती आहे. पूर्वेकडील खालच्या चौकटीत दोन पुरुष एक खांब धरून उभे आहेत. किअरान आणि राजा डिअरमिड पहिल्या चर्चचा खांब रोवत आहेत, असा तिचा अर्थ बहुधा लावला जातो. त्याच संग्रहालयात क्रूस आणि नावे कोरलेल्या स्मृतिशिलाही आहेत. या एकाच स्थानी अशा सातशेहून अधिक शिला सापडल्या असून, साध्या माणसाच्या आत्म्यासाठी ‘प्रार्थना करा’ एवढेच सांगणारी शिला मला राजाच्या क्रूसाइतकीच मोलाची वाटते.

बाहेरच्या आवारात मुख्य चर्च, अनेक लहान चर्च आणि दोन गोल मनोरे आहेत. मुख्य चर्चची उभारणी 909 मध्ये झाली आणि पुढे त्यात वेळोवेळी बदल होत गेले. आयर्लंडचा अखेरचा महाराजा रोरी ओ’कॉनर याला 1198 मध्ये येथेच पुरण्यात आले. मोठा मनोरा 1124 मध्ये पूर्ण झाला आणि 1135 मध्ये वीज पडून त्याचे टोक कोसळले. पुढे 1552 मध्ये जवळच्या ॲथलोन शहरातील इंग्रज शिबंदीने मठ लुटला, तेव्हा घंटा, मूर्ती, ग्रंथ, खिडक्यांच्या काचा यांपैकी काहीही मागे उरले नाही, असे इतिवृत्ते सांगतात. छत नसलेल्या या भिंतींमध्ये उभे राहताना ही नोंद लक्षात असावी.

परंपरांच्या दृष्टीने सर्वांत लहान वास्तू सर्वांत मोठी आहे. टेंपल किअरान या चिमुकल्या चर्चमध्ये संतांची समाधी असल्याची श्रद्धा आहे. आपल्याकडे अंगारा जपतात तितक्याच भक्तीने परिसरातील शेतकरी येथील माती नेत आणि पीक व गुरे सुरक्षित राहावीत म्हणून ती शेताच्या कोपऱ्यांत टाकत. पिढ्यान्‌पिढ्या माती उचलली गेल्यामुळे आतील जमीन बाहेरच्यापेक्षा खाली गेली आणि अखेर तेथे फरश्या बसवाव्या लागल्या. मुख्य चर्चच्या पंधराव्या शतकातील उत्तर दरवाजाची ख्यातीही अशीच आहे: कमानीच्या खोबणीत एका बाजूने कुजबुजलेले शब्द दुसऱ्या बाजूस ऐकू येतात आणि कुष्ठरोगी येथे पाद्र्याजवळ न जाता पापाची कबुली देत, असे सांगतात. 9 सप्टेंबर हा संत किअरान यांचा स्मृतिदिन असून त्या सुमारास भाविक अजूनही येथे प्रार्थनेसाठी जमतात. म्हणून या आवारात फिरताना, विशेषतः कबरींवरून चालताना, देवस्थानाचे भान ठेवावे.

डब्लिन किंवा ॲथलोनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी येथे स्वतःच्या गाडीने येणे सोयीचे ठरेल. पाऊस आणि नदीवरचा वारा लक्षात घेऊन कपडे आणावेत आणि निदान अर्धा दिवस हाताशी ठेवावा. कारण घाईतले प्रवासी मुख्य आवारातूनच परततात आणि पूर्वेस थोड्या अंतरावर असलेले जोगिणींचे (ख्रिस्ती नन्सचे) चर्च पाहायचे राहून जाते. डर्व्होर्गिला या राजस्त्रीने ते 1167 मध्ये पूर्ण करवून घेतले. इतिहासात तिचे नाव बहुधा 1152 मध्ये झालेल्या तिच्या अपहरणाच्या संदर्भातच घेतले जाते. तिच्या आश्रयाने घडलेल्या या कमानी आणि त्यांवरील बारीक नक्षी पाहिल्यावर ती ओळख फार तोकडी वाटते. जुन्या वाटेने तेथपर्यंत चालत जावे. मुलांनाही ते अंतर सहज झेपते.