गायवान: एकट्याने, शांतपणे चहा पिण्यासाठी घ्यावे का?

वाटी, झाकण आणि बशी. गायवान म्हणजे एवढे तीनच तुकडे. याला कान नाही, तोटी नाही, आत जाळी नाही. उकळत्या पाण्याने भरलेली वाटी नुसत्या बोटांनी उचलायची, झाकण जरासे सरकवून फट ठेवायची आणि त्या फटीतून चहा ओतायचा. निव्वळ सोय पाहिली तर याला फार गुण देता येणार नाहीत. जाळीचा मग कितीतरी सोपा. पण चहा हीच बैठक धरायची असेल, म्हणजे अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवून तीच पत्ती सात-आठ वेळा मुरवायची आणि प्रत्येक घोटाकडे लक्ष द्यायचे, तर आमच्या मते या कामाला इतके चोख भांडे दुसरे नाही. जाळीच्या मगात पाणी ओतले की हात मोकळे आणि मन मोकाट. गायवान मात्र सारखे काहीतरी काम मागत राहते, आणि ते अर्धवट लक्षाने केले की बोट भाजते.

चीनमध्ये हे भांडे मिंग काळापासून (१३६८-१६४४) चालत आले आहे. सिचुआनमधल्या चहाघरांत लोक झाकणाने पत्ती मागे सारत थेट गायवानातूनच पितात. फुजियान आणि ग्वांगडोंगमधली गोंगफू पद्धत वेगळी: भांडे लहान, पत्ती भरपूर आणि मुरवण्याचा वेळ सेकंदांत. पुढचे सगळे या दुसऱ्या पद्धतीबद्दल आहे.

आधी आकार, कारण खरेदीत सर्वांत जास्त फसगत इथेच होते. गायवानावर लिहिलेले माप बहुधा काठोकाठचे असते. पाणी मात्र झाकण जिथे टेकते त्या रेषेच्या खालीच ठेवावे लागते, म्हणजे १०० मिलीच्या गायवानात प्रत्यक्षात ७५ ते ८० मिली. ते सात वेळा मुरवले तरी साडेपाचशे मिली चहा होतो, आणि एका माणसाला तो पुरून उरतो. दीडशे मिलीचे घेतले की दोनच गोष्टी होतात: चहा उरतो किंवा बळेच प्यायला जातो. एकट्यासाठी ८० ते १०० मिली, दोघा-तिघांसाठी १२० ते १५० मिली.

साहित्य म्हणाल तर पांढरी, आतून-बाहेरून झिलई असलेली चिनीमातीच घ्या. ती वास धरून ठेवत नाही. आज हिरवा चहा आणि उद्या पु-अर (चीनचा आंबवलेला गडद चहा) केला तरी एकाचा दुसऱ्याला स्पर्श होत नाही, शिवाय पांढऱ्या पार्श्वभूमीवर चहाचा रंग खरा दिसतो. चीनमधल्या यीशिंग गावच्या बिनझिलईच्या मातीची किटली सुंदर असते, पण ती सच्छिद्र असल्याने एका किटलीला एकाच प्रकारचा चहा बांधून घ्यावा लागतो. काचेच्या गायवानात पाने उलगडताना दिसतात, हा त्याचा मोठा गुण. मात्र काच बोरोसिलिकेटचीच हवी, साधी काच उकळत्या पाण्याने तडकते.

प्रत्यक्ष पाहून घेता आले तर नक्षीकडे शेवटी बघा. आधी काठ. तो बाहेरच्या बाजूला चांगला वळलेला आणि पातळ हवा, कारण बोटे तिथेच टेकतात आणि पाण्यापासून जितकी लांब राहतील तितके बरे. सरळ उभ्या काठाचे गायवान दिसायला नेटके असते, वापरायला नाही. मग झाकण: ते काठाच्या आत बसून हलकेच फिरले पाहिजे. एका बाजूला दाबल्यावर डुगडुगत असेल तर भट्टीत वाटी किंवा झाकण वाकडे झाले आहे, ते घेऊ नका. झाकणाची मूठ वरून जराशी खोलगट असेल तर तर्जनी घसरत नाही. घरी आणल्यावर पहिले तीन-चार दिवस थंड पाण्यानेच सराव करा. धार एकसंध पडली पाहिजे. वाटीच्या बाहेरून ओघळ येत असतील तर बहुतेक वेळा ओतणाऱ्याचा हात कचरत असतो, आणि हात सरावल्यावरही ओघळ आले तर दोष काठाच्या घडणीत समजावा.

आता पकड. अंगठा आणि मधले बोट काठावर समोरासमोर, तर्जनी झाकणाच्या मुठीवर. ओतायची दिशा या दोन बोटांच्या मधोमध यावी. बोटे धारेच्या किंवा फटीच्या जवळ गेली की वाफेचा चटका ठरलेला. झाकण मागे सरकवून पुढे दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा. फट मोठी झाली तर पाने पडतात, फारच बारीक ठेवली तर पाणी अडते आणि मुरण्याचा वेळ नकळत दुप्पट होतो. मग वाटी एका दमात जवळजवळ उभी करा. भीतीपोटी थोडी थोडी वाकवत गेलात तर गरम पाणी काठावर रेंगाळते आणि भाजते ते तेव्हाच. ज्यांना ही पकड जमत नाही त्यांनी बशीसकट उचलून अंगठ्याने झाकण दाबून धरावे. वेग थोडा कमी होतो, बोटे वाचतात.

१०० मिलीच्या गायवानाला पाच ग्रॅम पत्ती हे सुरुवातीचे प्रमाण. चमच्याच्या मापावर विसंबू नका. गोळीदार ऊलाँगचा (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार) एक चमचा आणि पांढऱ्या चहाच्या सुट्या पानांचा एक चमचा यांच्या वजनात प्रचंड फरक असतो. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा ही या छंदातली सर्वांत उपयोगी जोडखरेदी. गोळीदार ऊलाँग पाच ग्रॅममध्ये तळ जेमतेम झाकते, पण चौथ्या खेपेला, म्हणजे चौथ्यांदा मुरवताना, झाकण उचलू लागते, तेव्हा तळ रिकामा दिसतो म्हणून वाढवू नका. हिरव्या चहाला तीन-साडेतीन ग्रॅम पुरे.

क्रम असा. गायवान उकळत्या पाण्याने गरम करून ते पाणी टाकून द्यायचे. कोरडी पत्ती गरम वाटीत घालून झाकण लावायचे, एकदा हलकेच हलवायचे आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचा. पु-अर किंवा घट्ट गोळीचे ऊलाँग असेल तर पाच सेकंद पाणी घालून ओतून टाकायचे. त्याने पान सैल होते. (या धुण्याने कॅफीन निघून जाते हा समज चुकीचा आहे, इतक्या कमी वेळात त्यातला थोडासाच भाग उतरतो.) मग पहिली खेप दहा-पंधरा सेकंद, दुसरी दहा, तिसरी पंधरा, चौथी वीस, पुढे तीस, पंचेचाळीस, साठ. पु-अर, काळा चहा आणि भाजलेले ऊलाँग यांना उकळते पाणी, पांढऱ्याला ८५ ते ९० अंश, हिरव्याला ७५ ते ८०. हिरवा चहा मुरवताना झाकण पूर्ण लावू नका, कोंडलेल्या उष्णतेने पान शिजल्यासारखे लागते.

गजर लावून सेकंद मोजणे तांत्रिकदृष्ट्या ठीक, पण त्याने बैठक मोडते. श्वास मोजा. शांत बसलेल्या माणसाचा एक श्वास साधारण तीन ते पाच सेकंदांचा, म्हणजे तीन श्वास झाले की पहिली खेप तयार. पुढे एकेक श्वास वाढवत न्यायचा. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, नुसता मोजायचा. वेळ दोन-चार सेकंदांनी इकडेतिकडे झाली तर पाच ग्रॅमच्या मापात फरक पडतो तो एवढाच की एक पेला किंचित गडद, दुसरा फिका. तो फरक ओळखता येणे हाच तर सराव आहे.

किटलीचेही तसेच. पाणी तापताना तळाशी तयार झालेले बुडबुडे वरच्या थंड पाण्यात फुटतात तेव्हा सूर चढतो, आणि पूर्ण उकळी फुटण्याच्या जरा आधी तो उतरतो. दोन-चार आठवड्यांत तो बदल कानाला कळू लागतो आणि पु-अरसाठी थर्मामीटर लागत नाही. समुद्रसपाटीपासून उंचावर राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो, तेव्हा तिथे मुरवण्याचा वेळ थोडा वाढवावा.

चहा कडू झाला की लोक पत्तीला दोष देतात. बहुतेकदा कारण असते ते तळाशी राहिलेले चमचाभर पाणी: ते पुढची खेप येईपर्यंत मुरत राहते. शेवटचा थेंब पडेपर्यंत वाटी उलटी धरा आणि लगेच झाकण उघडे ठेवा. पृष्ठभागावर तेलकट दिसणारी साय आली तर पाणी जड आहे. गाळणीचे किंवा कमी क्षारांचे पाणी वापरून पाहा. पेला निव्वळ फिका लागला तर गायवान गरम करायचे राहिले असेल.

सोबतच्या संचात जे काही येते त्यातले निम्मे नको असते. सगळा चहा एकदम काढून ठेवायचे छोटे भांडे, म्हणजे गोंगदाओबेई, दोघांपासून पुढे गरजेचे. एकट्याने ८० मिलीच्या पेल्यात थेट ओतावे. खाली पाणी साठणारा लाकडी ट्रे दिसतो झकास, पण रोज कोरडा केला नाही तर बुरशी धरतो. एक खोलगट वाडगा आणि जाड फडके त्याचे काम करतात. मातीच्या छोट्या मूर्ती, चिमटे, सुया यांच्यात लक्ष फक्त विखुरते.

सेन्चा या जपानी हिरव्या चहाची पाने बारीक असतात आणि गायवानाच्या फटीतून निसटतात. तिथे बाजूला दांडा आणि आत जाळी असलेली जपानी किटली, म्हणजे क्यूसूच बरा. माचा (हिरव्या चहाची पूड) घुसळण्यात लय आहे, पण एका वाडग्यात तो संपतो. पुन्हा पुन्हा त्याच पानाकडे परतणे हवे असेल तर तिथे ते मिळत नाही. ज्यांचा हात थरथरतो किंवा बोटांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी गायवानाच्या वाटेला जाऊ नये, क्यूसू घ्यावा. लहान मुले आसपास खेळत असतील तेव्हाही नको.

पाच ग्रॅम पत्ती पूर्ण निथळवली तर शंभर ते दोनशे मिलिग्रॅम कॅफीन पोटात जाऊ शकते. संध्याकाळनंतरची बैठक तीन ग्रॅमवर आणा, आणि पु-अरसारखा दाट चहा उपाशीपोटी नको, मळमळते. शिवाय पेला थोडा निवू द्या: ६५ अंशांपेक्षा गरम पेयांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले आहे. पातळ पेल्यात दोन-तीन मिनिटे पुरतात.

धुण्याला साबण नको, गरम पाणी पुरे. तपकिरी डाग खाण्याच्या सोड्याने निघतात. बशी फुटली तर कोणतीही चालते. झाकण फुटले तर मात्र दुसऱ्या गायवानाचे सहसा नीट बसत नाही, म्हणून आवडलेले गायवान सापडले की एकाच घडणीची दोन घेऊन ठेवावीत. काठाला टवका उडाला असेल तर ते भांडे बोट कापण्याआधी बाजूला काढा.