‘होऊन गेलं’ की ‘व्हायचंय’?

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 24 वा अध्याय नीट वाचायला घेतला की कधी ना कधी एक बाजू धरावीच लागते. एक मत असं, की प्रभू येशूनं जैतुनांच्या डोंगरावर सांगितलेलं ते मोठं संकट इ.स. 70 मध्ये होऊन गेलं, तीतसाच्या रोमी फौजेनं यरुशलेम आणि मंदिर उद्ध्वस्त केलं तेव्हा. दुसरं मत असं, की खरं महासंकट अजून व्हायचंय. मी ‘व्हायचंय’ ऐकतच वाढलो. आता बराचसा ‘होऊन गेलं’कडे गेलोय, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

पपांचं बायबल आता माझ्याकडे आहे, भाकितं बातम्यांशी जुळवत वाचलेलं. यहेज्केल 38 च्या समासात पेन्सिलीनं ‘रशिया’. प्रकटीकरण 18 शेजारी ‘इराक’, आखाती युद्धाच्या वेळचं. आणि अंजिराच्या झाडाच्या दाखल्याजवळ एक बेरीज: 1948 अधिक 40, म्हणजे इस्राएल राष्ट्र झालं ते वर्ष आणि एका पिढीची चाळीस वर्षं. ती त्यांनी नंतर खोडली, पण तिथं बोट फिरवलं तर कागद अजून खरखरीत लागतो.

पेन्सिलीचा मला राग नाही. पपा मनापासून वाट बघत होते, आणि ती ओढ ‘होऊन गेलं’वाल्यांत मला क्वचितच दिसली. मला खुपलं ते त्या बेरजेखालचं वचन, 24:34. हे सगळं होईपर्यंत ‘ही पिढी’ नाहीशी होणार नाही. बायबल अभ्यासात मी विचारलं, तर पाळक म्हणाले, ही पिढी म्हणजे शेवटच्या काळातली, चिन्हं बघणारी पिढी. म्हणजे ‘ही’ म्हणजे ‘ती’. बरं, पान उलटा. 23:36 मध्ये हाच शब्द आहे, आणि तिथं तो समोरच्या शास्त्री-परूश्यांच्या, म्हणजे येशूच्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांच्या, पिढीबद्दल आहे यावर कुणाचंच दुमत नाही. एका अध्यायाच्या अंतरात पिढी दोन हजार वर्षं पुढे कशी सरकली? बाकी सगळं शब्दशः घ्या म्हणून आग्रह धरणारे नेमके इथंच लवचीक होतात. त्या दिवशी माझं मन उठलं ते उठलंच.

मग त्याच अध्यायात तारे गळून पडतील म्हटलंय त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. यशया 13 बघा. बाबेलच्या पाडावाचं वर्णन करताना तिथंही तारे, सूर्य, चंद्र अंधारतात. बाबेल पडली, तारे जागेवरच राहिले. संदेष्ट्यांची भाषाच तशी आहे. उलट लूक 21:20 मध्ये यरुशलेमला सैन्यानं वेढलेलं दिसेल असं सरळच सांगितलंय. रोममध्ये तीतसाच्या कमानीवर मंदिराचा सात फांद्यांचा दीपवृक्ष मिरवत नेणारे सैनिक कोरलेले आहेत. तो फोटो पहिल्यांदा मोठा करून पाहिला तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो.

आता ‘होऊन गेलं’ची खोट. प्रकटीकरण हे बायबलचं शेवटचं पुस्तकही इ.स. 70 च्या आधीचं मानलं, तरच त्यांचं गणित नीट बसतं. ‘नीरो कैसर’ (रोमी सम्राट) इब्री अक्षरांत मांडलं की अक्षरांच्या किमतींची बेरीज 666, म्हणजे प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा, येते, हा त्यांचा हुकमी एक्का. पण दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस सांगतो की प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाला हा दृष्टांत सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या शेवटी झाला, म्हणजे नीरो मरून पंचवीसेक वर्षं झाल्यावर. हा मुद्दा हलका नाही, मला तो अजूनही टोचतो. शिवाय काही जण एवढे वाहवत जातात की मेलेल्यांचं पुनरुत्थानही होऊन गेलं म्हणतात. त्यांनी 2 तीमथ्य 2:18 वाचावं. असं शिकवणाऱ्यांची पौलानं नाव घेऊन कानउघाडणी केली आहे. तिथवर मी जात नाही. मंदिराचं झालं, पुनरुत्थान व्हायचंय.

आणि संत, म्हणजे विश्वासणारे, संकटाआधीच वर स्वर्गात उचलले जाणार, ही मांडणी फार जुनी समजू नका. ती 1830 च्या सुमारास जॉन डार्बी या बायबल शिक्षकानं पुढे आणली आणि 1909 च्या स्कोफिल्डच्या टीपांच्या बायबलनं घरोघरी नेली. नवी म्हणून चूक असं नव्हे, पण ‘मंडळी पहिल्यापासून हेच मानत आलीय’ असं कुणी म्हणालं तर जरा थांबा.

तुमच्या मंडळीत ‘व्हायचंय’च चालत असेल तर लगेच वाद घालायला जाऊ नका, मी गेलो आणि वर्षभर बायबल अभ्यासाला कुणी मला प्रार्थनाही करायला सांगितली नाही. ठरवायचंच असेल तर एक करा. 24 पासून सुरुवात करू नका, 23 पासून करा, आणि मध्ये न थांबता एका बैठकीत वाचा.