जुन्या लॅपटॉपसाठी वायरलेस डिस्प्ले डोंगल: उपयोगी, पण पारखून घ्यावे असे

हर्णै बंदराजवळच्या आमच्या मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात, हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे लाटांचे व वाऱ्याचे अंदाज लॅपटॉपवरून भिंतीवरच्या टीव्हीवर सर्वांना एकदम दिसावेत, यासाठी टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये बसणारे मिराकास्ट डोंगल आम्ही घेतले. मिराकास्ट म्हणजे लॅपटॉपचा पडदा केबलशिवाय टीव्हीवर दाखवण्याची पद्धत. खाऱ्या हवेने पोर्टचे आतले पत्रे गंजतात आणि केबलची रोज काढघाल केली की जुन्या लॅपटॉपचे पोर्ट सैल होतात, म्हणून वायरलेसचा विचार झाला.

डोंगलबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार खोक्यावरच्या मजकुराबद्दल आहे. 'विंडोज ८.१ किंवा त्यापुढे' एवढेच त्यावर छापले आहे. वाय-फाय अलायन्सने २०१२ साली प्रमाणित करायला घेतलेले मिराकास्ट विंडोजमध्ये ८.१ पासून अंगभूत आले हे खरे, पण विंडोज नवे असून भागत नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर डब्ल्यूडीडीएम (विंडोजमधील ग्राफिक्स ड्रायव्हरचे मानक) १.३ किंवा त्यापुढचा हवा आणि वाय-फाय कार्ड व त्याचा ड्रायव्हर यांना वाय-फाय डायरेक्ट, म्हणजे राउटरशिवाय दोन उपकरणांची थेट जोडणी, चालायला हवे. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमधील एचडी ३००० ग्राफिक्ससाठी असा ड्रायव्हर आलाच नाही. त्यामुळे सोसायटीच्या २०११ सालच्या लॅपटॉपवर विंडोज १० सुरळीत चालत असूनही मिराकास्ट उपलब्ध नसल्याचाच संदेश येतो. अशा वेळी यूएसबी वाय-फाय अडॅप्टर लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण उणीव ग्राफिक्समध्ये असेल तर तो खर्च पाण्यात जातो.

इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर असलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर मात्र विंडोज आणि के ही बटणे एकत्र दाबून डोंगल निवडताच चित्र टीव्हीवर आले. यासाठी राउटर किंवा इंटरनेट लागत नाही, आणि पावसाळ्यात नेट वारंवार जाणाऱ्या आमच्या किनाऱ्यावर, सकाळीच उतरवून ठेवलेले नकाशे दाखवताना, हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. चित्र आधी संकुचित करून पाठवले जात असल्याने माउसचा बाण किंचित मागे राहतो. नकाशांना त्याचा त्रास नाही.

मिराकास्ट नसलेल्या लॅपटॉपवरून क्रोम ब्राउझरमार्फत क्रोमकास्टवर (टीव्हीला लावायचे गूगलचे उपकरण) पडदा पाठवता येतो, पण त्याला दोन्ही उपकरणे एकाच वाय-फायवर लागतात आणि जुन्या प्रोसेसरवर भार पडतो. त्यापेक्षा एचडीएमआय केबल बरी. २०११ चा लॅपटॉप आम्ही टीव्हीशेजारी केबलने कायमचा जोडून ठेवला आहे, म्हणजे काढघाल होत नाही.

डोंगल घेण्यापूर्वी रन खिडकीत (विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून) डीएक्सडायग (dxdiag) हे विंडोजमधील तपासणीचे साधन चालवावे, सगळी माहिती फाइलमध्ये साठवावी आणि तीत मिराकास्टची ओळ शोधावी. तिथे 'अव्हेलेबल' असेल तरच पैसे मोजावेत.