मिडीच्या नावाखाली सीएनसीचं कार्ड

मिडी म्हणजे कीबोर्डसारखी वाद्यं आणि कॉम्प्युटर यांनी कुठला सूर वाजला ते एकमेकांना कळवायची पद्धत. पण नाशकात ‘मिडी’ म्हटलं की निम्म्या लोकांना एमआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत, ऐकू येतं. एम. जी. रोडवरच्या ज्या दुकानात मी फसलो, तिथल्या पोऱ्यानेही आधी “अंबड की सातपूर?” असंच विचारलं होतं. तेव्हाच मागे फिरायला हवं होतं.

ऑर्केस्ट्राच्या दिवसांतला यामाहाचा कीबोर्ड आणि १९९४ सालचं रोलँड एससी-८८ साउंड मोड्यूल (मिडीवर मिळालेले सूर वाजवणारी पेटी), दोन्ही अजून ठणठणीत. नव्या कॉम्प्युटरला जोडायचे होते. मालक म्हणाला, “सर, यूएसबीच्या केबली म्हणजे चायना माल. हे खास मिडी कार्ड घ्या.” कार्डाबरोबर एक काळी डबी होती. एका बाजूला नऊ पिनांचा कनेक्टर, दुसऱ्या बाजूला पाच पिनांची गोल सॉकेटं. ४,२०० रुपये. पक्कं बिल मागितलं तर “मग जीएसटी वेगळा पडेल” म्हणे. मीही लोभी. कोऱ्या चिठ्ठीवर ‘१ कार्ड’ एवढंच लिहून घेतलं.

खात्रीसाठी कीबोर्ड दुकानात नेला होता, बरं का. पिच बेंडचं, म्हणजे सूर वरखाली करायचं, चाक फिरवलं तसा डबीवरचा लाल दिवा लुकलुकला. “बघा, डेटा चाललाय!” मी खूश.

घरी डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर कार्ड ‘पोर्ट्स’खाली कॉम ३ म्हणून बसलेलं. सॉफ्टवेअरच्या मिडी यादीत काहीच नाही. दोन दिवस ड्रायव्हरांशी झटापट केली. फोनवर मालकाचं एकच पालुपद, विंडोजचा प्रॉब्लेम आहे. शेवटी सातपूरला सीएनसीवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या कारखान्यातल्या मशीनवर, काम करणाऱ्या मावसभावाला कार्ड दाखवलं. तो हसायलाच लागला. “अरे, मशीनला प्रोग्राम पाठवायला आम्ही वापरतो ते सीरियल कार्ड आहे हे. आठशेला मिळतं.”

डबी खोलली. आत एक एलईडी, दोन रेझिस्टर आणि सरळ जोडलेल्या तारा. मिडी इनला ऑप्टोकपलर (तारा थेट न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारा भाग) लागतो, त्याचा पत्ता नाही. मिडी चालतं पाच मिलिअँपियरच्या करंटवर, सीरियल पोर्ट चालतो उलटसुलट व्होल्टेजवर. नुसती तार ओढून भागत नाही. शिवाय वेगाचं गणित. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. साध्या सीरियल पोर्टचा मूळ वेग १,१५,२००, आणि तो पूर्णांकानेच भागता येतो. तीनने भागलं तर ३८,४००, चारने २८,८००. मधे ३१,२५० येतच नाही. मग दिवा का लागला? कीबोर्डच्याच करंटवर. डबी कॉम्प्युटरपासून सोडवून पाहिली, तरी चाक फिरवलं की लुकलुक. असा माल घेताना दिव्यावर जाऊ नका. दुकानातल्याच कॉम्प्युटरवर मिडीच्या यादीत नाव दिसतंय का आणि वाजवलेला सूर रेकॉर्ड होतोय का, ते बघा.

गंमत पुढेच आहे. एससी-८८ च्या मागे कॉम्प्युटरला थेट जोडायचं आठ पिनांचं सॉकेट असतं आणि शेजारी एक स्विच. तो पीसी-२ वर ठेवला की वेग होतो ३८,४००. म्हणजे १,१५,२०० भागिले तीन! भावाने रविवारी बसून केबल बनवली, लिनक्सवर सीरियल पोर्टला मिडी करणारा छोटा प्रोग्राम टाकला आणि त्याच कार्डावर मोड्यूल वाजलं. कीबोर्ड मात्र आजही कॉम्प्युटरपासून लांबच.

डबी घेऊन दुकानात गेलो. मालक म्हणाला, “दिवा लागतोय ना? मग माल चालू आहे.” ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. त्यांनी पहिल्यांदा बिलच मागितलं. माझ्याकडे ती चिठ्ठी आणि यूपीआयची नोंद.

गेल्या आठवड्यात त्या रस्त्याने गेलो होतो. काचेमागे तशीच काळी डबी ठेवलेली, किंमत आता ४,५००.