लांबलेल्या नावांच्या फायली डिलीट करायला सेव्हन-झिप आणि रोबोकॉपी: आठ महिन्यांनंतर

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचं स्कॅनिंग चालतं आणि त्या फायली सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. आठ महिन्यांपूर्वी हार्ड डिस्क भरत आली, म्हणून मी दुबार प्रती काढायला बसले. बाकी सगळं गेलं, एक फोल्डर मात्र जाईना. डिलीट दाबलं की ‘सोर्स पाथ टू लाँग’, म्हणजे पत्ता फार लांब, असा मेसेज. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला, अँटिव्हायरस फिरवला, तरी तेच. त्या एका फोल्डरने ४० जीबी जागा अडवून ठेवली होती. दुरुस्तीच्या दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, डिस्क फॉरमॅट करा.’ त्याच डिस्कवर आमचे दोन वर्षांचे स्कॅन होते. फॉरमॅट करणं शक्यच नव्हतं.

फाईल मुळात खराब नव्हतीच. विंडोजमध्ये पूर्वापार एक मर्यादा आहे: ड्राइव्हच्या अक्षरापासून फाईलच्या नावापर्यंतचा अख्खा पत्ता, शेवटची न दिसणारी खूण धरून, २६० चिन्हांत बसला पाहिजे. एनटीएफएस ही डिस्कवरची व्यवस्था स्वतः सुमारे ३२,७६७ चिन्हांपर्यंतचा पत्ता सांभाळते. म्हणजे डिस्कला ती फाईल चालते, पण जुन्या पद्धतीने चालणारा प्रोग्रॅम तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मग अशी फाईल तयार तरी कशी होते? आमच्याकडे मुख्य कॉम्प्युटरवरचं आतलं एक फोल्डर बाकीच्या मशीनवर झेड ड्राइव्ह म्हणून दिसतं. तिथे काम करणाऱ्या मुलांना पत्ता छोटा दिसायचा, म्हणून ती मोकळ्या मनाने नावं देत गेली. मुख्य मशीनवर त्याच फायलींच्या आधी आणखी चार फोल्डरांची नावं लागत होती. शिवाय झिप उघडताना त्याच नावाचं फोल्डर त्याच नावाच्या फोल्डरमध्ये, असं पाच-सहा वेळा झालेलं.

यात मराठी नावांचा एक वेगळाच प्रश्न आहे, आणि तो आपल्याशिवाय कोण बोलणार? आपण मोजतो अक्षरं, कॉम्प्युटर मोजतो खुणा. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्या लेखी चार अक्षरं, विंडोजच्या हिशेबाने ११ चिन्हं, कारण पाय मोडल्याची खूण वेगळी, काना-मात्रा-वेलांटी वेगळी. ‘विद्यार्थी’ म्हणजे १०. ‘दिवाळी अंक मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका स्वच्छ केलेली अंतिम प्रत’ असं सरळ, समजेल असं नाव दिलं की पत्त्याचा चतुर्थांश तिथेच संपतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या काही फायलींत तर प्रत्येक देवनागरी खुणेच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची नऊ-नऊ चिन्हं येतात. तिथे नुसतं ‘दिवाळी’ ५४ चिन्हांचं होतं. लिनक्सवर हिशेब निराळा, पण तिथेही आपल्यालाच जास्त अडचण. एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीची एक खूण तीन बाइट खाते, म्हणजे जेमतेम ८५ खुणा. नाव मराठीत द्यावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे गणित मी आता स्कॅनिंगला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी समजावते.

काहीही इन्स्टॉल करण्याआधी एक साधा उपाय करून बघावा. वरच्या फोल्डरांची नावं एकेक अक्षराची करायची, किंवा आतलं फोल्डर उचलून थेट ड्राइव्हच्या तोंडाशी आणायचं. पत्ता आखूड झाला की फाईल नेहमीसारखी डिलीट होते. दोन-तीन फोल्डरांचं प्रकरण असेल तर एवढ्यावर भागतं. आमचं प्रकरण खोल होतं.

मग सेव्हन-झिप. इगॉर पाव्हलोव्ह यांचा हा प्रोग्रॅम १९९९पासून आहे, फुकट आहे, आणि त्याचं इन्स्टॉलर दोन एमबीच्याही आत बसतं. बहुतेकांच्या मशीनवर तो झिप उघडण्यासाठी असतोच, पण त्याच्यासोबत येणारा फाईल मॅनेजर फारसं कुणी उघडत नाही. तो उघडून नको असलेल्या फोल्डरपर्यंत गेले, शिफ्ट धरून डिलीट दाबलं, ‘यस’ म्हटलं, आणि सकाळपासून न हललेलं फोल्डर गेलं. नुसतं डिलीट चालत नाही, कारण इतक्या लांब पत्त्याची फाईल रिसायकल बिनमध्ये जाऊ शकत नाही, शिफ्ट हवंच. डिलीट करण्याइतकाच मला त्याचा दुसरा उपयोग झाला: जिथे एक्सप्लोररमधून शिरता येत नाही तिथे आत जाऊन बघता येतं. एफ-नाइन दाबलं की दोन खिडक्या शेजारी येतात, एफ-सिक्सने खोल अडकलेली चांगली फाईल वर आणता येते, एफ-टूने नाव छोटं करता येतं. दिसायला अगदी जुनाट आहे, फायलींची चित्रं मोठी दिसत नाहीत, त्यामुळे स्कॅन ओळखायचे ते नावावरून आणि आकारावरून. सेटिंगमध्ये मराठी भाषाही निवडता येते.

आता चुकीबद्दल. तिसऱ्या महिन्यात मी एक फोल्डर दुबार समजून शिफ्ट-डिलीटने काढलं. त्यात एका १९७१च्या अंकाची ६२ पानं होती आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती. असं गेलेलं परत आणायला रिसायकल बिन नाही. तो अंक पुन्हा बांधणीतून सोडवून स्कॅन करावा लागला. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना तीन पानांचे कोपरे हातात आले. ते मला अजून खातं. तेव्हापासून डिलीट करण्याआधी दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि एकूण आकार मी वहीत लिहून ताडून बघते, आणि मगच पुढे जाते.

हजारो फायलींचं काम असेल तर मी रोबोकॉपीकडे वळते. हा फायलींच्या प्रती करणारा प्रोग्रॅम विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्येच असतो, वेगळा घ्यावा लागत नाही, आणि लांब पत्ते त्याला मुळातच चालतात. पद्धत अशी: एक नवीन रिकामं फोल्डर करायचं. कमांड प्रॉम्प्टमध्ये रोबोकॉपी, मग रिकाम्या फोल्डरचा पत्ता, मग नको असलेल्या फोल्डरचा पत्ता, आणि शेवटी तिरपी रेघ (/) देऊन एम-आय-आर. याचा अर्थ, दुसरं फोल्डर हुबेहूब पहिल्यासारखं कर. पहिलं रिकामं, म्हणून दुसरंही रिकामं होतं. राहिलेलं टरफल मग साध्या डिलीटने जातं. पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो अवतरणचिन्हांत घालावा, पण बंद होणाऱ्या चिन्हाच्या लगेच आधी उलटी तिरपी रेघ (\) ठेवू नये, नाहीतर आज्ञा चुकीची वाचली जाते. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आमच्या मशीनवर देवनागरीऐवजी चौकोन दिसतात, म्हणून वरच्या फोल्डरला मी आधी इंग्रजी अक्षराचं नाव देते.

आणि कृपा करून एम-आय-आरच्या जोडीला आधी एकदा तिरपी रेघ (/) आणि एल देऊन चालवा. तेव्हा तो काहीही काढत नाही, फक्त काय काढणार याची यादी दाखवतो. मी ती यादी शांतपणे पूर्ण वाचते. पत्ता एक पायरी वरचा लिहिला गेला तर शेजारचं सगळं चांगलं कामही पुसलं जाईल, आणि ते यादीतच लक्षात येतं. काढण्याआधी यादी वाचायची सवय मला तेव्हा असती तर १९७१ची पानं वाचली असती, म्हणून एवढं बजावून सांगते.

नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असलेल्या फायलीही जाता जात नाहीत, पण तिथे लांबीचा संबंध नसतो. त्यांच्या पूर्ण पत्त्याआधी `\\?\` लावून कमांड प्रॉम्प्टमध्ये डेल (फाईल काढायला) किंवा आर-डी (फोल्डर काढायला) आज्ञा दिली की विंडोज नाव जसंच्या तसं घेतं. विंडोज १०च्या २०१६मधल्या आवृत्तीपासून २६०ची मर्यादा उठवायची सोयही रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, आहे. मात्र ज्या प्रोग्रॅमने ती स्वीकारली आहे त्यालाच ती लागू होते, एक्सप्लोररला नाही. एक पैसे देऊन घ्यायचा ‘अनलॉक’ प्रोग्रॅमही आम्ही आणला होता. तो दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेल्या फायली सोडवण्यासाठी होता; आमचा आजार वेगळा, म्हणून ते पैसे फुकट गेले. घेण्याआधी मेसेज नीट वाचा: ‘इन यूज’ म्हणत असेल तर एक उपाय, ‘टू लाँग’ म्हणत असेल तर दुसरा.

आज सेव्हन-झिप आठवड्यातून एखाद्या वेळी लागतो, रोबोकॉपी महिन्यातून एकदा. आमच्या फायलींची नावं आता ‘दिअ-१९७१-०४२’ अशी आहेत, आणि अंकाचं पूर्ण मराठी नाव, संपादक, पानाचा तपशील हे सगळं शेजारच्या एक्सेलच्या तक्त्यात आहे. जुनी सुमारे नऊ हजार नावं अजून बदलायची आहेत. शनिवारी दोन मुलं येतात, तेव्हा तेवढंच काम करतो.