भाकरी का प्रोबायोटिकची गोळी?
मामीची कॅन्सरवरची इम्युनोथेरपी (शरीराचीच प्रतिकारशक्ती कॅन्सरशी लढवणारं औषध) चालू झाली तसं कुणीतरी प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या बॅक्टेरियांची कॅप्सूल द्या म्हणलं, पण मी म्हणते आपली ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण अन् अंबाडीची भाजीच बरी, कारण १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर असतं अन् आतड्यातले बॅक्टेरिया तेच आंबवून ब्युटिरेटसारखी कामाची आम्लं बनवतात. २०२१ ला 'सायन्स' या संशोधनाच्या नियतकालिकात इम्युनोथेरपी घेणाऱ्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) पेशंटचा अभ्यास आला, रोज २० ग्रॅमच्या वर फायबर खाणाऱ्यांचा आजार जास्त दिवस आटोक्यात राहिला, अन् त्यातही प्रोबायोटिक न घेणाऱ्यांचं सगळ्यात चांगलं. उंदरांत तर प्रोबायोटिकनं औषधाचा असरच कमी झाला! अर्थात हा एकाच कॅन्सरचा अभ्यास. मामीला जुलाब लागले तेव्हा मात्र भाकरी थांबवून आधी डॉक्टरला फोन केला, इम्युनोथेरपीच्या औषधानं कधीकधी आतड्याला सूजपण येते.