चार्नोलास : यान कोखानोव्स्की यांच्या गावातील संग्रहालय

पोलंडमध्ये राडोमच्या पूर्वेस, झ्वोलेन या गावापासून जवळच चार्नोलास हे छोटेसे खेडे आहे. राजदरबारातील सचिवपद सोडून यान कोखानोव्स्की (१५३०–१५८४) यांनी येथे संसार थाटला आणि पोलिश कवितेला प्रौढ रूप देणारे लेखन केले. १९६१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ येथे संग्रहालय सुरू झाले.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. संग्रहालयाचा वाडा कवीचा नसून एकोणिसाव्या शतकात याब्वोनोव्स्की घराण्याने बांधलेला आहे. कवीच्या घरातील म्हणून जतन केलेल्या वस्तूंपैकी जुनी खुर्ची आणि घडीव लोखंडी दरवाजा या दोन प्रमुख. ज्या लिंडेन वृक्षाला त्यांनी कवितेत बोलते केले, जो पाहुण्याला सावलीत बसण्याचा आग्रह करतो, आपल्या फुलांतून मध नेणाऱ्या मधमाश्यांचे कौतुक सांगतो, तो वृक्षही आता नाही. त्यामुळे केवळ वस्तू पाहण्यासाठी येणाऱ्याला हे दालन अपुरे वाटू शकेल.

माझ्या मते मात्र या जागेचे मोल वस्तूंत नाहीच. १५८० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ट्रेनी’ ही एकोणीस शोकगीते कवीने उर्सुला या आपल्या चिमुकल्या मुलीच्या मृत्यूनंतर लिहिली. ज्या काळी विलापिका थोरामोठ्यांसाठी रचण्याची रीत होती, त्या काळी एका अजाण लेकरासाठी अख्खा ग्रंथ लिहिणे हे मोठे धाडस होते. आठव्या गीतात, घरात माणसे असूनही ती गेल्यावर घर कसे ओकेबोके झाले, कोपऱ्याकोपऱ्यांतून दुःख कसे अंगावर येते, हे त्यांनी इतक्या साध्या शब्दांत सांगितले आहे की साडेचारशे वर्षांनंतरही वाचणाऱ्याचा गळा दाटून येतो. पुढे त्यांची श्रद्धासुद्धा डळमळते, आणि शेवटच्या गीतात कवीची दिवंगत आई उर्सुलाला कडेवर घेऊन स्वप्नात येते. हे सारे वाचून आलेल्याला वाड्याभोवतीच्या उद्यानात फिरताना मार्गदर्शकाची फारशी गरज भासणार नाही.

म्हणून माझी कळकळीची शिफारस अशी, की ही गीते अनुवादातून का होईना, आधी वाचावीत आणि मगच येथे यावे. सवड असल्यास त्याच दिवशी झ्वोलेनचे चर्चही पाहावे. कवीचे दफन तेथे झाले असून त्यांचा अर्धपुतळा असलेला स्मृतिलेख भिंतीवर आहे.